पिल्लाचे पहिले शंभर दिवस

(कुत्र्यांच्या एका प्रशिक्षिकेने वाचनालयाच्या रविवारच्या व्याख्यानमालेत केलेल्या भाषणाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार.

आज इकडे येताना रिक्षात बसले आणि फोन वाजला. "ताई, पिल्लू आणलंय. लॅब्रॅडॉर आहे, पंचेचाळीस दिवसांचं. ट्रेनिंग सहा महिन्यांनंतरच सुरू करायचं ना?" हा प्रश्न मला आठवड्यातून निदान चार-पाच वेळा येतो. मी उलट विचारलं, "आज सकाळपासून त्याने काय काय केलं?" ते म्हणाले, "काही नाही हो, झोपलं होतं. उठल्यावर सोफ्याजवळ शू केली, आई ओरडली तसं दिवाणाखाली जाऊन बसलं. आम्ही जेवायला बसलो तर ताटापाशी येऊन भुंकायला लागलं. मुलाने पोळीचा तुकडा टाकला तेव्हा गप्प झालं."

म्हणजे बघा, एका सकाळीत दोन धडे झाले. माणसाच्या देखत शू केली तर माणूस अंगावर येतो, तेव्हा पुढच्या वेळी दिवाणामागे जाऊन करावी, हा एक. आणि ताटापाशी भुंकलं की पोळी पडते, हा दुसरा. दोन्ही धडे पिल्लाने चोख पाठ केले. शिकवणाऱ्यांना मात्र आपण शिकवतोय याचा पत्ताच नव्हता.

म्हणून "कधी सुरू करू" या प्रश्नाचं माझं उत्तर एका वाक्याचं आहे: पिल्लू ज्या क्षणी उंबऱ्याच्या आत आलं त्या क्षणी सुरू झालं. पण एवढं सांगून मी खाली बसले तर तुमचा रविवार वाया जाईल. कारण खरा मुद्दा त्याच्या पुढचा आहे. शिकवायच्या गोष्टी दोन जातींच्या असतात. "बस", "ये", "थांब" या गोष्टी कुत्र्याला दुसऱ्या महिन्यात शिकवता येतात, दुसऱ्या वर्षी शिकवता येतात आणि आठव्या वर्षीही शिकवता येतात. मी शिकवल्या आहेत. पण "या जगात घाबरण्यासारखं फारसं काही नाही" ही जी गोष्ट आहे, तिला मुदत आहे. आणि ती मुदत फार लवकर संपते.

पिल्लू जन्मतं तेव्हा आंधळं आणि बहिरं असतं. दहा ते चौदा दिवसांत डोळे उघडतात, त्याच्या थोडं पुढेमागे कान उघडतात. तिसऱ्या आठवड्यात ते धडपडत उभं राहतं, दुधाचे दात हिरड्यांतून डोकावू लागतात, आणि तिथून पुढे काही आठवडे त्याचा मेंदू एका विलक्षण अवस्थेत असतो. जे दिसेल, ऐकू येईल, पायाखाली लागेल, ते सगळं "हे आपल्याकडचं" म्हणून नोंदवून घेतो. साधारण बाराव्या ते चौदाव्या आठवड्यापर्यंत हे दार उघडं असतं. पुढे ते हळूहळू लोटलं जातं आणि नवं दिसणारं प्रत्येक काही आधी संशयाच्या खात्यात जातं. जंगलातल्या प्राण्याच्या दृष्टीने हे शहाणपणाचंच आहे. लहानपणी आईच्या आजूबाजूला जे नव्हतं ते धोक्याचं असण्याचीच शक्यता जास्त.

हे आपल्याला कळलं कुठून? अमेरिकेत मेन राज्यात बार हार्बर नावाचं गाव आहे. तिथल्या जॅक्सन प्रयोगशाळेत जॉन पॉल स्कॉट आणि जॉन फुलर या दोघांनी पाच जातींच्या कुत्र्यांवर तेरा वर्षं काम केलं आणि ते १९६५ साली ग्रंथरूपाने मांडलं. पण मला त्याआधीचा, १९६१ साली प्रसिद्ध झालेला तिथलाच एक प्रयोग जास्त हलवून टाकतो. फ्रीडमन, किंग आणि एलियट या तिघांनी कॉकर स्पॅनियल आणि बीगल जातींच्या पिल्लांना त्यांच्या आयांबरोबर उंच कुंपणाच्या एक एकर मैदानात ठेवलं. अन्नपाणी कुंपणातल्या भोकातून आत जायचं, माणूस म्हणून कोणी दिसायचा नाही. मग वेगवेगळ्या वयाला, म्हणजे दुसऱ्या, तिसऱ्या, पाचव्या, सातव्या आणि नवव्या आठवड्याला, एकेका गटाला आठवडाभर माणसांत आणलं आणि परत सोडलं. काही पिल्लांना चौदा आठवडे माणूस दाखवलाच नाही. सातव्या आठवड्याच्या सुमाराला आलेली पिल्लं सगळ्यांत सहज रुळली. आणि चौदा आठवडे कुंपणाआड राहिलेली? ती रानटी जनावरांसारखीच वागली. हात लावू देईनात, पट्ट्याने चालेनात.

मी हे वाचलं तेव्हा चौदा गुणिले सात असा हिशेब वहीच्या कडेला केला. अठ्ठ्याण्णव. आपल्याकडे पिल्लाचं वय दिवसांत सांगायची पद्धत आहे ना, "पंचेचाळीस दिवसांचं आहे", "दोन महिन्यांचं आहे". तर त्याच भाषेत सांगते: जन्मापासून मोजून शंभर दिवस. पंचेचाळीसाव्या दिवशी पिल्लू घरी आणलंत तर तुमच्या हातात उरतात पंचावन्न. त्यातले पहिले पंधरा "जरा रुळू दे" म्हणण्यात जातात.

इथेच एक गोष्ट बोलून घेते, नाहीतर राहून जाईल. पंचेचाळीस दिवसांचं पिल्लू आणूच नका. केंद्र सरकारच्या २०१७ च्या नियमांनुसार आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही. नियम आहे म्हणूनच नव्हे, त्यामागे कारण आहे. पाचव्या ते आठव्या आठवड्यात पिल्लू भावंडांशी कुस्ती खेळताना किती जोरात चावलं की समोरचं किंचाळून खेळ सोडून जातं, हे शिकत असतं. दातांवरचा हा ताबा माणसापेक्षा भावंडं जास्त चांगला शिकवतात. आईपासून लवकर तोडलेली पिल्लं माझ्याकडे येतात ती बहुतेक "फार चावतं हो" ही तक्रार घेऊनच. आठ आठवडे, म्हणजे छप्पन्न दिवस, आईजवळ काढू द्या. मग तुमच्याकडे चव्वेचाळीस दिवस आहेत. ते पुरतात, पण घरच्यांना त्यांची किंमत माहीत असली तर.

आता मी माझ्या तांबूबद्दल सांगते. तिच्याबद्दल बोलायचं म्हणजे मला अजून थोडं जड जातं.

तांबू आमची पहिली कुत्री. गावठी, तांबूस रंगाची. आमच्या इमारतीमागच्या बोळात कुणाच्या तरी मोटारीखाली सापडली, तेव्हा पाच आठवड्यांची असेल. मी तेव्हा ट्रेनर वगैरे काही नव्हते, बँकेत नोकरी करत होते. ज्या डॉक्टरांकडे नेलं त्यांनी सांगितलं, "सगळी इंजेक्शनं होईपर्यंत उंबऱ्याबाहेर काढायची नाही." मी ते अक्षरशः पाळलं. तिसऱ्या मजल्यावरचं दोन खोल्यांचं घर, मी, माझे सासूसासरे, नवरा. एवढंच तिचं जग. घरात ती गुणी होती. "बस" दोन दिवसांत शिकली. "हात दे" एका संध्याकाळीत. शू करायला बाथरूममध्ये जायची. आम्हाला वाटलं, झालं सगळं शिकवून.

साडेचार महिन्यांची झाल्यावर तिला पहिल्यांदा खाली नेलं. जिन्यातून कडेवर आणलं आणि फाटकाजवळ जमिनीवर ठेवलं. चार पाय चार दिशांना फाकले, पोट जमिनीला टेकलं, शेपूट पोटाखाली, कान मानेला चिकटलेले. पापणीसुद्धा हलत नव्हती. त्याच वेळी हेल्मेट घातलेला एक माणूस गॅसची टाकी खांद्यावरून उतरवत होता. टाकी फरशीला लागून खणकन वाजली. तांबूने उभ्या जागी शू केली आणि पट्ट्यातून मान सोडवण्यासाठी अशी काही झटली की तिच्या नाकातून रक्त आलं.

तांबू तेरा वर्षं जगली. तेरा वर्षं हेल्मेट घातलेला माणूस दिसला की ती माझ्या पायांत शिरायची. पुढे मी हा विषय शिकले, तो तिच्यासाठीच. खूप मेहनत घेतली, ती पुष्कळ सुधारली, रस्त्याने चालू लागली. पण मोकळी अशी कधी झाली नाही. घरात सगळं ऐकणारी कुत्री, आणि उंबऱ्याबाहेर तिला मी दिसेनाशीच व्हायचे.

त्या डॉक्टरांना मी दोष देत नाही. पार्वो नावाच्या जीवघेण्या विषाणूच्या रोगाने तडफडून मरणारी पिल्लं त्यांच्या टेबलावर रोज येत होती. तेव्हा आता हा पेच जरा नीट समजून घेऊ, कारण शहरात पिल्लू आणणारा प्रत्येक जण याच ठिकाणी अडकतो.

पिल्लाला आईच्या चिकातून रोगप्रतिकारशक्ती मिळते. ती साधारण सहाव्या ते सोळाव्या आठवड्याच्या दरम्यान केव्हातरी ओसरते. कुठल्या पिल्लाची केव्हा, हे बाहेरून दिसत नाही. अंगात आईकडची शक्ती शिल्लक असेल तर लस नीट लागू पडत नाही. म्हणून पहिली लस सहा ते आठ आठवड्यांना, मग दर तीन-चार आठवड्यांनी पुढची, आणि शेवटची सोळा आठवड्यांच्या सुमाराला किंवा त्यानंतर, असा क्रम लावलेला असतो. रेबीजची लस तीन महिन्यांना. सोळा आठवडे म्हणजे एकशेबारा दिवस. आणि आपलं दार लोटलं जातं ते शंभराच्या आसपास. "लसी पूर्ण झाल्या की बाहेर काढू" म्हणणारा माणूस बरोबर दोन आठवडे उशिरा दारात पोचतो.

अमेरिकेत प्राण्यांच्या वर्तनाचा अभ्यास करणाऱ्या पशुवैद्यांच्या संघटनेने २००८ साली यावर स्पष्ट भूमिका घेतली. पहिली लस आणि जंताचं औषध होऊन आठवडा झाला की सात-आठ आठवड्यांचं पिल्लू इतर लसवंत पिल्लांच्या वर्गात न्यायला हरकत नाही, असं त्यांनी म्हटलं. त्यामागचा युक्तिवाद असा की तीन वर्षांखालची कुत्री संसर्गापेक्षा वागणुकीच्या तक्रारींमुळे जास्त मरतात. नकोशी होतात, सोडून दिली जातात, मारून टाकली जातात. पुढे २०१३ मध्ये तिथल्या चार शहरांतल्या हजारावर पिल्लांची पाहणी झाली. निदान एक लस घेऊन वर्गाला गेलेल्यांपैकी एकालाही पार्वो झाला नाही. वर्गाला जाणारी पिल्लं त्यांत थोडीच होती हेही सांगायला हवं, पण दिशा कळते.

मात्र ते सगळं जसंच्या तसं पुण्यात, नाशकात, कोल्हापुरात आणता येत नाही. इथे प्रत्येक गल्लीत लस न झालेली कुत्री आहेत, आणि पार्वोचा विषाणू विष्ठेतून मातीत गेला की महिनोन्‌महिने टिकतो. तेव्हा माझा नियम असा: जग दाखवायचं, पण पाय टेकू द्यायचे नाहीत. ओढणीची झोळी करा, गळ्यात अडकवा, पिल्लाला तिच्यात बसवा आणि मंडईच्या तोंडाशी जाऊन दहा मिनिटं उभे राहा. बसथांब्यावर बसा. शाळा सुटायच्या वेळी फाटकासमोरच्या बाजूला थांबा. लॅब किंवा जर्मन शेफर्डचं पिल्लू अकरा-बारा आठवड्यांचं झालं की हाताला पेलत नाही. मग गाडीची काच खाली करून मांडीवर घेऊन बसा, किंवा घरून धुतलेली चादर न्या, बाकावर अंथरा. ज्या घरातल्या मोठ्या कुत्र्याच्या लसी पूर्ण आहेत आणि जो पिल्लांना सांभाळून घेतो, अशा घरी पाहुणे म्हणून न्या. आणि हे करायच्या आधी तुमच्या डॉक्टरांशी बोला. तुमच्या भागात सध्या पार्वोची साथ आहे का, हे त्यांनाच माहीत असतं.

जग दाखवायचं म्हणजे जगात ढकलायचं नव्हे. इथे उत्साही माणसं चुकतात. पिल्लाला गर्दीत नेतात, दहा पोरं त्याच्यावर तुटून पडतात, आणि "सवय होईल हो" असं म्हणतात. सवय होत नाही, धसका बसतो. आठव्या ते दहाव्या आठवड्यात तर पुष्कळ पिल्लं जास्तच हळवी असतात. यासाठी मी एक साधी कसोटी वापरते. हातात उकडलेल्या चिकनचा किंवा पनीरचा नखाएवढा तुकडा धरा. समोरून ट्रक गेला, आणि पिल्लाने कान टवकारून बघितलं आणि मग तुकडा खाल्ला, तर अंतर बरोबर आहे. तोंड फिरवलं, तर तुम्ही फार जवळ आहात. मागे व्हा. वीस पावलं, पन्नास पावलं, खाईल तिथपर्यंत मागे व्हा. पोट आणि भीती एका वेळी चालत नाहीत.

घरातही हेच. कुकरची शिट्टी घ्या. आपल्या घरात दिवसातून दोनदा तरी वाजते. पहिल्या दिवशी पिल्लाला लांबच्या खोलीत ठेवा, दार लोटून घ्या. शिट्टी झाली की लगेच एक तुकडा. आधी तुकडा मग शिट्टी नाही, शिट्टी मग तुकडा. हा क्रम उलटला तर पिल्लू खाऊलाच घाबरायला शिकेल. दोन-तीन दिवसांनी दार उघडं. मग हॉलमध्ये. माझ्याकडच्या एका पिल्लाने आठवड्याभरात शिट्टी ऐकली की स्वयंपाकघराकडे पळायला सुरुवात केली होती, घरधनीणबाईंना कौतुकाने हसू आवरेना. मिक्सर, दाराची घंटा, भांड्यांचा आवाज, फटाक्यांचं बारीक आवाजात लावलेलं रेकॉर्डिंग, सगळं याच वाटेने. गणपतीच्या आधी नदीकाठी ढोलपथकांचा सराव चालतो. त्या दिवसांत पिल्लू असेल तर लांबच्या पुलावरून ऐकवा. ढोल छातीत वाजेल इतक्या जवळ नेऊ नका. आणि दिवाळीत आठ-दहा आठवड्यांचं पिल्लू असेल तर ते चार दिवस खिडक्या लावून घरात, बस्स. त्या चार दिवसांत शिकवायला जाऊ नका.

दाखवायच्या गोष्टींची यादी मी छापून देत नाही, कारण तुमचं घर तुम्हाला माहीत. पण आपल्याकडे हमखास राहून जातात त्या सांगते: छत्री उघडणारा माणूस, रेनकोट, हेल्मेट, वॉचमनची काठी, दाढीवाले आजोबा, चाकाची खुर्ची, सायकलवर घंटी वाजवणारं पोर, लिफ्टचं दार, जाळीचा जिना. उन्हाळ्यात आणलेल्या पिल्लाला छत्री माहीतच नसते, आणि जूनमध्ये अख्खं जग एकदम छत्र्या उघडतं.

कधी वेळ असेल तर आपल्या गल्लीतल्या कुत्रीला बघा. आपल्याकडे बहुतेक वेती थंडीत होतात. चार-पाच आठवड्यांची पिल्लं चहाच्या टपरीमागून बाहेर येतात. आई शेजारी पडलेली असते, डोळे अर्धे मिटून. स्कूटर जाते, झाडूवाली बाई झाडू मारत येते, दुधाचे क्रेट आपटले जातात. पिल्लू दचकतं, आईकडे बघतं. आई हलत नाही. पिल्लू पुन्हा खेळायला लागतं. एवढंच शिक्षण, पण दिवसाला शंभर वेळा. म्हणून रस्त्यावर वाढलेलं कुत्रं ट्रकच्या शेजारी झोपू शकतं. याचा अर्थ रस्ता चांगली शाळा आहे असा नाही. कोलकात्याच्या आयसर संस्थेतल्या अभ्यासकांनी ३६४ पिल्लांचा मागोवा घेतला, त्यातली जेमतेम १९ टक्के मोठी होईपर्यंत जगली. आणि मेलेल्यांपैकी निम्म्याहून अधिक माणसांमुळे. मी एवढंच म्हणते की त्या आईचं शांत पडून राहणं उचला. पिल्लू दचकलं की "अरे अरे, काय झालं माझ्या सोन्याला" करत झडप घालू नका. जवळ असा, त्याला टेकून बसू द्या, आणि तुम्ही स्वतः निवांत राहा. तुमचा श्वास ते वाचत असतं.

मग सहा महिन्यांची गोष्ट आली कुठून? ती काही कुणी हवेतून काढलेली नाही. जुन्या पद्धतीत कुत्र्याला शिकवायचं म्हणजे गळ्यात साखळीचा फास घालायचा आणि चुकलं की हिसका द्यायचा. जर्मनीतल्या कोनराड मोस्ट यांनी १९१० साली पोलीस आणि लष्करी कुत्र्यांसाठी लिहिलेल्या पुस्तकातून अशी पद्धत पुढे पसरली. असा हिसका सोसायला मान तयार हवी, म्हणून सहा महिने थांबायचं. पद्धत खाऊची आणि खेळाची झाल्यावर थांबायचं कारणच उरलं नाही. १९८० च्या दशकात इयान डनबार या पशुवैद्यांनी कॅलिफोर्नियात लहान पिल्लांचे मोकळे वर्ग सुरू केले आणि ते जगभर गेले. पण आपल्याकडे हिसका मागे पडला तरी सहा महिन्यांचा आकडा तसाच राहिला. कुणी ट्रेनर तुम्हाला आजही "सहा महिन्यांचं झाल्यावर आणा" म्हणाला, तर तो कशाने शिकवतो हे आधी विचारा.

आणि ते सुरुवातीचे आठवडेच मोलाचे असतात, याला आणखी एक पुरावा आहे. कॅलिफोर्नियात सॅन राफेल इथल्या, अंधांना वाट दाखवणाऱ्या कुत्र्यांच्या संस्थेत क्लॅरेन्स फाफनबर्गर यांना दिसलं की बाराव्या आठवड्यापर्यंतच्या सगळ्या परीक्षा उत्तम पास झालेली पिल्लं जर त्यानंतर दोन-तीन आठवडे नुसती कोंडवाड्यात राहिली, घरात गेलीच नाहीत, तर मोठेपणी नापास होण्याचं प्रमाण खूप वाढतं. हुशारीत काही कमी नव्हतं त्यांच्या. फक्त ते दोन-तीन आठवडे चुकले.

बाकी "बस", "ये" वगैरेंबद्दल थोडक्यात. आठ आठवड्यांचं पिल्लू ते सहज शिकतं, पण त्याची पाटी दोन मिनिटांची असते. ते दिवसाचे अठरा-अठरा तास झोपतं. दोन मिनिटं, दिवसातून पाच वेळा, जेवणातलेच दाणे हातात घेऊन. सगळ्यांत आधी त्याचं नाव, आणि नाव घेतलं की काहीतरी छानच घडतं, हा त्याचा विश्वास. नाव घेऊन रागावू नका. "थांब" हा शब्द दोन सेकंदांच्या पुढे या वयात मागू नका. उंचावरून उड्या मारायला लावणं, जिने पळवणं, सायकलला बांधून धावणं, हे हाडं पक्की होईपर्यंत नाही, मोठ्या जातींत तर वर्ष-दीड वर्ष नाही. शू-शीचा धडा हा पिल्लाचा नसून तुमच्या घड्याळाचा आहे: उठल्यावर, खाल्ल्यावर, खेळून झाल्यावर, आणि दिवसा दर दोन तासांनी तुम्ही त्याला ठरलेल्या जागी न्यायचं. जागेवर केली की तिथेच, त्याच सेकंदाला शाबासकी. सोफ्याजवळ केली तर गुपचूप पुसून टाका. ओरडलात तर फोनवरच्या त्या पिल्लासारखं दिवाणामागे जाईल.

चावण्याबद्दल एक तळमळीने सांगते. चौथ्या महिन्यापासून दुधाचे दात पडून कायमचे येईपर्यंत पिल्लू सगळं चावणार. खेळणं द्या, गार गाजर द्या, हाताला लागलं तर खेळ थांबवून उठून जा. पण रेबीजची लस व्हायच्या आधी, विशेषतः रस्त्यावरून आणलेल्या पिल्लाचा दात लागून ओरखडा जरी उठला, तरी साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. "पिल्लूच तर आहे" म्हणून घरी बसू नका.

मागच्या रांगेतल्या ताईंनी मघाशी चिठ्ठी पाठवली आहे: "आमचा दोन वर्षांचा आहे, दत्तक घेतलाय, मग आमचं काय?" ताई, तुमचं दार बंद झालेलं नाही, जड झालंय. जे पिल्लाला चार दिवसांत जमतं त्याला तुम्हाला चार महिने लागतील. तीच कसोटी, तेच अंतर, तोच नखाएवढा तुकडा. तांबूला मी तिसऱ्या वर्षी शिकवायला घेतलं, आणि पाचव्या वर्षी ती माझ्याबरोबर पहाटे टेकडीवर यायला लागली. पहाटेच, कारण तेव्हा हेल्मेटवाले नसतात. पण आली.

आणि पहिल्या रांगेतले हे दादा, तुम्ही म्हणालात येत्या शनिवारी पिल्लू आणताय. आठ आठवडे पूर्ण झालेलं आहे, छान. तेव्हा तुमच्यासाठी शनिवारचंच सांगून थांबते. सकाळी आणा, संध्याकाळी नको, म्हणजे रात्र पडायच्या आत त्याला घराचा वास कळेल. येताना एक जुना पंचा पिल्लाच्या आईच्या अंगाखाली दोन दिवस ठेवलेला मागून घ्या. घरात पाय ठेवण्याआधी ठरलेल्या शूच्या जागी न्या आणि थांबा, दहा मिनिटं लागली तरी थांबा. त्या दिवशी पाहुणे बोलवू नका. नातेवाईक रविवारपासून दोन-दोन करून येतील. रात्री त्याचं खोकं तुमच्या पलंगाशेजारी जमिनीवर ठेवा, आत तो पंचा. ते रडेल. हात खाली सोडा, बोटं खोक्याच्या कडेवर राहू द्या. रात्री दोन-तीनच्या सुमाराला पुन्हा कुईकुई करेल, ती शूची असेल. मोठा दिवा लावू नका, बोलू नका, उचला, जागेवर न्या, झाली की हळूच "शाब्बास" म्हणा आणि परत पंच्यावर ठेवा. तुमचा सत्तावन्नावा दिवस तिथे सुरू झाला.